बटणाने केलेला बदल

कपडे धुण्याच्या यंत्रांची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या ताईंचं ऑफिसात एकच दुखणं होतं. पुस्तिकेतलं अक्षर न् अक्षर त्यांचं, पण फाइल ईमेलने पाठवायची त्यांनी आणि गिटमध्ये चढवायची टीम लीडरने. गिट म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्या नोंदीनुसार ताईंनी आजवर एक ओळही लिहिली नव्हती. टीम लीडर मात्र धुलाईतला मोठा अधिकारी पुरुष ठरला होता. घरी रुमाल धुतल्याचीही त्याची ख्याती नव्हती.

"यापुढे मी चढवीन," ताई म्हणाल्या.

"ताई, आधी काळी खिडकी शिका, मग बघू."

काळी खिडकी म्हणजे जिथे माउसला कोणी विचारत नाही, सगळे हुकूम टाइप करावे लागतात.

ताईंनी शिकवणीचे व्हिडिओ लावले. प्रत्येकाची सुरुवात ‘हे अगदी सोपं आहे’ अशी होती. त्यावरूनच प्रकरण अवघड आहे हे त्यांनी ओळखलं. मग नवशिक्यांसाठीचं एक बटणांचं ॲप सापडलं. नवी ओळ हिरवी, काढलेली लाल. त्यात सरावाची फाइल करून त्यांनी नवऱ्याला दुसऱ्या लॅपटॉपवर बसवलं. त्याने लिहिलं, ‘हॉलला पिवळा रंग’. त्याच ओळीत ताईंनी लिहिलं, ‘निळा’. ॲपने दोन्ही ओळी समोर मांडून विचारलं, कोणती ठेवू?

"अगं, हे भांडण लग्नापासून चालू आहे. त्याला ॲप कशाला?"

"अहो, इथे ते मिटतं," म्हणत ताईंनी निळा ठेवला.

सोमवारी त्यांनी पुस्तिकेचं नवं प्रकरण स्वतः चढवलं. परवानगी होतीच, फक्त कोणी वापरू दिली नव्हती. नोंदीत पहिल्यांदाच त्यांचं नाव उमटलं आणि टीम लीडर तरातरा आला.

"बटणं दाबून? ही काय खरी पद्धत झाली?"

"तू रोज लिफ्टचं बटण दाबूनच चौथ्या मजल्यावर येतोस. आम्ही कधी म्हटलं, तू खरा आलाच नाहीस?"

पलीकडच्या टेबलावर कोणाला तरी एकदम खोकला आला.

"मी हा बदल काढून टाकीन, ताई. मग माझ्याकडून रीतसर चढवीन."

"काढ की. काय काढलं, कोणी काढलं, तेही तिथेच लिहिलं जाईल. तुझ्या नावाने." ताई उठल्या आणि त्यांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस. बटण हे इथे आहे."

तो काही बसला नाही. खुर्ची रिकामी पाहून ताईच परत बसल्या आणि त्यांनी पुढचं प्रकरण चढवायला घेतलं.