अमेरिकेचं कोर्ट आणि यजमानांची सही

ब्याण्णव साली अमेरिकेच्या सर्वोच्च कोर्टाने गर्भपाताच्या हक्कावर निकाल दिला, आणि खटला जणू स्वतःच जिंकल्यासारखे आमचे भावजी फुगले. भावजी म्हणजे अक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या कानडी शहरातल्या चिकपेट बाजारात त्यांचं साड्यांचं घाऊक दुकान, आणि रविवारी आमच्या घरी कॉफीबरोबर जगाचं राजकारण.

"बायकोने नवऱ्याला कळवायचीसुद्धा गरज नाही, म्हणालं कोर्ट! घटना असावी तर अशी," ते बाबांना सांगत होते.

मी बातमी शेवटपर्यंत वाचली होती. त्याच निकालाने राज्यांना बाकीचे अडथळे घालायची मोकळीक दिली होती. मी म्हटलं, "अध्यक्ष कोण येतो आणि न्यायाधीश कुणाला नेमतो, यावर तिथल्या बाईचा हक्क टिकणार. हा हक्क आहे की भाड्याचं घर? मालक बदलला की सामान रस्त्यावर!" माझं आजही तेच मत आहे. भावजी हसले. "हिला वकील करायला हवं होतं," म्हणाले.

अक्का तेव्हा आत मोरीत ओकत होती. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. दुसऱ्या बाळंतपणात इतका रक्तस्राव झाला होता की ती मरता मरता वाचली. हे मूल तिला नको होतं. भावजींकडे विषय काढला की ते म्हणायचे, "बघू." बघू बघू करत दिवस वर चालले.

भावजी माल बघायला सुरतेला गेले, तेव्हा मीच तिला शिवाजीनगरजवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. अक्काने संमतीच्या कागदावर सही केली. नर्सने खिडकीतून कागद परत सरकवला. "यजमानांची सही?"

मी भडकलेच. आपल्याकडे एकाहत्तर सालापासून कायदा आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन शांतपणे म्हणाल्या, "कायदा मला ठाऊक आहे. उद्या ते येऊन इथल्या काचा फोडतील, तेव्हा कायदा येणार आहे का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अमेरिकेत बाईचा हक्क काढून घ्यायचा तर निदान निवडणुका लढवाव्या लागतात, कोर्टात घसा कोरडा करावा लागतो. इथे एक खिडकी पुरली.

"स्वल्प थांब गं, ओरडू नकोस," अक्का म्हणाली. ती कागद घेऊन समोरच्याच बाकावर बसली. मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर भावजींची सही वर्षानुवर्षं तीच करायची. त्यांना वेळ कुठे होता? तीच वळणदार सही तिने कागदावर ठोकली. नर्स सगळं बघत होती.

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं कानडीत म्हणून तिने कागद आत घेतला.

अक्का त्यातून नीट बरी झाली. पण त्या खिडकीचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही. स्वतःच्या देहासाठी माझ्या बहिणीने स्वतःच्या नावाने केलेली सही तिथे चालली नाही. नवऱ्याच्या नावाने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलेली खोटी सही चालली.