विहारात चूप बसवलेली बाई

अपघाताच्या दिवशी आमच्याकडे हेल्मेट एकच होतं आणि ते माझ्या डोक्यावर होतं. वर्ध्यात पोलीस चालवणाऱ्याला अडवतात, मागच्या बाईला कोणी विचारत नाही, एवढाच विचार मी केला होता. पवनारजवळ रानडुक्कर आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि माझी बायको डांबरावर आपटली.

त्याला दोन वर्षं झाली. ती चालते, स्वयंपाक करते, शेजारणीशी हसते. पण चाळणी हवी असली की हात हलवून दाखवते, "ते... भोकाभोकाचं." गॅसवर दूध ठेवून अंगणात जाते आणि ठेवलं होतं हेच विसरते. मात्र रविवारी विहारात बसली की त्रिशरण, पंचशील, सगळी वंदना एका दमात म्हणते. लहानपणी तिच्या आजोबांनी पाठ करून घेतलेली. डॉक्टर म्हणाले, जुनं पाठांतर डोक्यात वेगळ्या वाटेनं येतं, ती वाट वाचली आहे. हे कळायच्या आधी मीही तिला विचारलं होतं, "हे येतं, मग मीठ का म्हणता येत नाही?" ती रडली होती.

ती एका शाळेत क्लार्क आहे. तिथलेच एक शिक्षक आमच्या विहारात येतात. एका रविवारी वंदना संपल्यावर चार जणांत ते म्हणाले, "वहिनी, वंदना तं फाडफाड म्हणता! मंग हापिसातच काऊन अडकता? हेडमास्तरले नाटक दाखवून राह्यल्या का?"

लोक हसले. तिनं उत्तरासाठी तोंड उघडलं, शब्द आला नाही, तेव्हा आणखी हसले. मी चपला शोधत राहिलो.

शाळेत हलकं काम मिळायचं तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं होतं. अर्ज केला होता, तपासणी बाकी होती. माझ्या मोठ्या भावानं सल्ला दिला, "कागद हाती येत नाई तवरी तिले विहारात चूप बसव. त्या मास्तरनं तक्रार केली तं काय करशीन?"

मला ते पटलं. मी तिला तसं सांगितलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

त्यानंतरच्या रविवारी ती तोंडावर पदर दाबून बसली. सगळे म्हणत होते, मीही म्हणत होतो. मास्तरांनी दोनदा वळून पाहिलं. घरी येताना ती रस्त्यातच थांबली. "तुम्ही... माझं... ते..." मी मध्ये बोललो नाही. पुष्कळ वेळानं तिनं वाक्य पुरं केलं, "जे राह्यलं, तेच घेतलं."

आजारी आहोत हे पटवायला माणसानं आपल्यातलं धड उरलेलं झाकून ठेवायचं, ही कसली रीत? कोणाच्या समाधानासाठी? मास्तरांचा राग आला, भावाचा आला. पण पदर दाबायला तिला मी सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी वंदनेआधी मी मास्तरांसमोर जाऊन उभा राहिलो. "सर, आज ती म्हणणार हाय. तक्रार करायची तं खुशाल करजा."

"अरे राजेहो, मी तं मजाक केली!"

"तुमची मजाक झाली. तिचं तोंड बंद झालं. आन् ते बंद करणारा मी, हेही ऐकून घ्या सगळ्यांनी."

तिनं माझी वाट पाहिली नाही, वंदना सुरू केली. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

तपासणीची तारीख अजून आलेली नाही. तिथं विचारलं तर सांगणार आहे, हो, माझी बायको दर रविवारी वंदना म्हणते. तेवढ्यावरून ती ठणठणीत ठरत असेल तर खुशाल लिहा तसं. पण आधी तिला एक साधा प्रश्न विचारा आणि तिचं उत्तर पुरं होईपर्यंत खुर्चीत बसून राहा. घड्याळाकडे न पाहता.