यंत्राने ओळखलेले डोळे

ती बाई आठवली की आजही हातातला घास तसाच राहतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली आवरल्या. त्यातलं बरंचसं विसरलोही. ही केस म्हणाल तर साधी खोट्या पासपोर्टची, पण काही केल्या माझी पाठ सोडत नाही.

तेव्हा मी सोलापुरात पोलीस निरीक्षक होतो, निवृत्ती तोंडावर आली होती. मुंबई विमानतळावर झीरो नंबरने नोंदवलेला एक गुन्हा तपासासाठी आमच्या ठाण्याकडे वर्ग झाला. सोलापूरजवळच्या कुंभारीत विड्या वळणारी एक विधवा दुसऱ्याच नावाच्या पासपोर्टवर आखातात गेली आणि तिथल्या विमानतळावर पकडली जाऊन परत आली. पकडलं कसं, तर डोळ्यांवरून. तिकडे इमिग्रेशनला माणसाला यंत्रासमोर उभं करून बुबुळांचा फोटो घेतात. बुबुळावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी, बोटाच्या ठशासारखी. ही बाई आधी एकदा तिकडे घरकामाला होती. मालकाशी भांडण झालं, हद्दपार झाली, आणि जाताना तिचे डोळे नोंदवून ठेवले गेले. नाव बदलता येतं, जन्मतारीख बदलता येते. डोळे कुठून बदलणार?

माझे कर्मचारी तिला मुंबईहून घेऊन आले. पदर कपाळावरून खाली ओढलेला, ठाण्याची पायरी चढताना महिला हवालदाराचा दंड घट्ट धरलेला. "रडून रडून डोळे सुजवून घेतलेत, साहेब," हवालदार म्हणाली. बाईचं डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या. प्रवासाने असेल म्हणून वैद्यकीय तपासणीत गोळ्या मिळाल्या.

घरी ती तेलुगू बोलायची, आमच्याशी सोलापुरी मराठी.

"पासपोर्ट कुणी काढून दिला, बाई?"

"तेवढं इचारू नका, साहेब. माझी पोर तिकडं हाय."

हळूहळू उलगडलं ते असं. पहिल्या वेळी मायलेकी एकाच एजंटामार्फत गेल्या होत्या. तिकडे दोघींना वेगवेगळ्या घरांत ठेवलं. आईला हद्दपार केल्यावर काही दिवसांनी मुलीचे फोन यायचे थांबले.

"मी कामाला न्हाय गेलते, साहेब. तिला आणायला गेलते."

"मग एजंटाचं नाव सांगा. आम्ही शोधू तिला."

"त्येचं नाव घेतलं की माझी वाट बंद. पोर कुटल्या घरात हाय ते त्यालाच ठावं."

एवढ्यावर तिने तोंड मिटलं ते मिटलंच. गप्प बसणारे गुन्हेगार मी पुष्कळ बोलते केले आहेत. पण भीतीने गप्प बसलेला माणूस आणि आशेने गप्प बसलेला माणूस यांत फार फरक असतो. आशेने गप्प बसलेल्यापुढे पोलिसाचं काही चालत नाही. मी हात टेकले.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. तिचे डोळे नोंदवलेले आहेत हे एजंटाला माहीत असणारच. तरी त्याने तिला पाठवलं कशाच्या जोरावर? मुंबईच्या कागदांत एवढंच होतं, की पहिल्या दिवशी यंत्राला तिचे डोळे वाचता आले नाहीत, म्हणून बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाचता आले.

त्याच सुमारास चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटला म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, मग कंपाउंडरने थेंब घातले आणि दहा म्हाताऱ्यांच्या रांगेत बाकावर बसवलं. "डोळे मिटून बसा. उघडायचे न्हाईत." तिथे इन्स्पेक्टर काय नि कोण काय, सगळे सारखेच! बऱ्याच वेळाने उठून हात धुवायला गेलो, आरशात पाहिलं आणि चमकलोच. बाहुली एवढी मोठी झाली होती, की बुबुळ नावाला उरलं होतं. नक्षीच दिसत नव्हती, तर यंत्र वाचणार काय?

मी तसाच डॉक्टरांच्या खोलीत घुसलो आणि बाईची हकीकत सांगितली. त्यांचा चेहरा उतरला.

"डोकं दुखतं का तिचं? उलट्या?"

"दोन्ही."

"आत्ताच्या आत्ता घेऊन या."

तपासणी झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. काही डोळ्यांची ठेवणच अशी असते, की या थेंबांनी आतला दाब एकदम चढतो. म्हणून डॉक्टर आधी तपासतात, मग थेंब घालतात. बाईला थेंब घातले त्याच दिवशी उपचार मिळाले असते तर डोळे वाचले असते. मुंबईत उतरली तेव्हाच उशीर झाला होता. आता दोन्हीकडची नस गेली होती. नजर परत येणार नव्हती. दिसत नाही हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं, थेंबांची गोष्ट निघाली की एजंटाचं नाव निघालं असतं, आणि पदराआडचे डोळे आम्हीही नीट पाहिले नव्हते.

पुढचं सोपं होतं. थेंबांची माहिती असलेला माणूस तिच्या वस्तीत कोण? महिला हवालदाराने लगेच सांगितलं, नेत्रशिबिराला म्हाताऱ्यांना गाडीतून नेणारा एकजण आहे, शिबिरात थेंबही तोच घालतो, आणि परदेशी पाठवायची कामंही करतो. सकाळी छापा घातला. फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी बाटल्या सापडल्या. आधी म्हणाला आईच्या आहेत, मग ततपप करू लागला, मग सगळं ओकला. विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत घालत राहा, जितके जास्त तितकं बरं, असं त्याने बाईला सांगितलं होतं.

"थेंब तर डॉक्टरबी घालतात की, साहेब! मी काय विष पाजलं का तिला?"

माझा हात उठला होता. कसा आवरला ते माझं मला ठाऊक.

"तिची मुलगी कुठे आहे?"

"तिकडच्या माणसाच्या ताब्यात दिली. फुडचं मला न्हाय ठावं."

त्या तिकडच्या माणसाचा फोन त्याच दिवशी बंद झाला. मुलीलाही खोट्याच नावाने पाठवलं होतं. आम्ही वरच्या कार्यालयांमार्फत दूतावासाला लिहिलं. तिच्या खऱ्या नावाची कुणी मुलगी त्या देशात आलेलीच नाही, असं उत्तर आलं. खोट्या नावाने पुन्हा लिहिलं, त्याचं उत्तरच आलं नाही.

दवाखान्यात जाऊन बाईला हे सगळं मलाच सांगावं लागलं. एजंट पकडला गेल्याचं ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला. "आता कुणाला इचारू वो मी?" मग एकदम म्हणाली, "साहेब, पर आता त्या यंत्राला माझे डोळे वळखायचे न्हाईत की?"

मला आधी कळलंच नाही.

"डोळेच गेले न्हवं? मग आता कोण अडवतंय मला? एकदा पाठवा. मी आवाजावरनं हुडकीन तिला."

मी शेजारी उभ्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. नस आतली गेली होती. बुबुळावरची नक्षी जशीच्या तशी होती.

"ओळखेल, बाई," मी म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून निजली.

गुन्हा उघडकीस आला म्हणून मला शाबासकी मिळाली. आरोपपत्रात एजंटाबरोबर तिचंही नाव आरोपी म्हणून घालावं लागलं, कायद्याने दुसरा मार्ग नव्हता. आता आपल्याकडच्या विमानतळांवरही असली यंत्रं येत आहेत. येऊ देत. यंत्रावर माझा राग नाही. ही बाई कोण, हे त्याने अचूक सांगितलं. ती कशासाठी आली आहे, हे विचारायचं काम तिथे कुणाचंच नव्हतं. या केसने मला काय शिकवलं म्हणाल, तर गुन्ह्याचा तपास पुरा होतो आणि ज्याच्यासाठी तो करायचा त्याच्या हाती काहीच लागत नाही, असंही होतं.

ती अजून कुंभारीत विड्या वळते, हाताच्या सवयीने. कधीकधी शेजारणीकडून नंबर लावून घेते आणि मला विचारते, "काय कळलं का, साहेब?" मी निवृत्त झालो, माझ्या हातात काही नाही, हे तिला उमगत नाही. मी म्हणतो, "चौकशी चालू आहे, बाई." चौकशी कधीच बंद झाली आहे.