आधी पेज, मग प्रश्न

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडवीला बांगडे निवडत होते. तशीच रिकामी पिशवी घेऊन घरी परतले... महिना होऊन गेला, अजून त्यांच्या दारावरून जाताना पाय रेंगाळतो.

आमच्या या शेजारीणबाई मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घ्यायच्या, एका वेळी एकच मूल समोर बसवून. दाभोळकडून कुणी पोराला घेऊन सकाळच्या एसटीने यायचं. ताई आधी त्याला गरम पेज वाढत, ओटीवर झोपवत. बाप घड्याळ बघू लागला की फटकारत, "पोर वाटभर ओकत आलंय, आणि तुम्हाला त्याची बुद्धी मोजायची घाई!"

माझी गार्गी दुसरीत असताना शाळेने अख्ख्या वर्गाची एकत्र लेखी चाचणी घेतली. ही तळाला. "मतिमंद आहे, वेगळ्या शाळेत घाला," मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं. मी रडतच ताईंचं दार गाठलं. ताई म्हणाल्या, "रडू नकोस गो. मला बघू दे तिला."

मी दाराशी बसले. ठोकळ्यांची नक्षी गार्गीने चुटकीसरशी जुळवली. तोंडी प्रश्नांचीही उत्तरं देत होती. मग ताईंनी कागदात मान घालून, लिहिता लिहिता पुढचा प्रश्न विचारला... आणि पोरगी गप्प. मान वर करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर उत्तर तयार! ताईंनी चाचणी तिथेच थांबवली. "हिला ऐकू कमी येतंय. ओठ वाचत्ये ही, लबाड!"

आमच्या ह्यांना बुद्ध्यांकाचा आकडा हवा होता. ताईंनी त्यांनाही फटकारलं, "अर्धवट ऐकलेल्या प्रश्नांचा आकडा हिच्या माथी मारू? जमायचं नाही. आधी कान तपासा." कानाला यंत्रं लागली. काही महिन्यांनी ताईंनी चाचणी पहिल्यापासून घेतली आणि अहवाल घेऊन स्वतः शाळेत गेल्या. मुलीला काय काय येतं ते आधी ऐकवलं, आकडा सगळ्यात शेवटी. गार्गी त्याच शाळेत राहिली, पहिल्या बाकावर. आज ती इंजिनिअर आहे. लेकीचा अभिमान आहेच मला, पण ताईंचा त्याहून कांकणभर जास्त.

तेराव्याला गार्गी पुण्याहून आली. जेवणं उरकल्यावर कुठे दिसेना, म्हणून ताईंच्या चाचणीच्या खोलीत डोकावले. मुलांशी नजरेला नजर मिळावी म्हणून ताईंनी स्वतःच्या खुर्चीचे पाय कापून घेतले होते. त्या बुटक्या, रिकाम्या खुर्चीसमोर ती मुलांच्या जागी बसली होती. कानातली यंत्रं काढून मुठीत धरलेली. मी पुढे होऊन विचारलं, "काय करत्येस गो?"

माझ्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "ताई बोलताना कशा दिसायच्या, ते आठवत्ये."