ढोल उतरला पाहिजे

शहाद्याच्या एका लग्नाच्या बँडमध्ये मी की-बोर्ड वाजवतो. ढोल असायचा तोरणमाळकडच्या एका म्हाताऱ्या ढोलकऱ्याकडे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. त्यांचा खांदा कायमचा गेला आणि नेमकं त्याच वर्षी नातीचं लग्न ठरलं. दुसऱ्या कुणाचा ढोल त्यांना अंगणात चालणार नव्हता.

"मन्हा ढोल नहीं, ते कोनाच नको," म्हणाले.

बिनढोलाचं लग्न? मला ऐकवेना. तुमचा ढोल मी कॉम्प्युटरवर घडवतो, असं मी बोलून गेलो. बँडवाले पोट धरून हसले. मला कुणी हसलं की मी जास्तच पेटतो.

फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात पडद्यावर चौकोन मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. एक चौकोन जाड सूर काढतो, दुसरा काठीची खरखर, तिसरा आवाज विरवतो. या जुळणीला पॅच म्हणतात. बाबांची जुनी मोबाइल रेकॉर्डिंग होती, पण तीत ढोल कमी आणि पोरांच्या शिट्ट्याच जास्त. आवाज म्हणून ती बिनकामाची होती. त्यांचा प्रत्येक ठोका कधी पडतो, कुठे जरा रेंगाळतो, तेवढं मात्र मी तिच्यावरून मोजून पॅचमध्ये जसंच्या तसं बसवलं.

पहिली चाचणी त्यांच्याच ओसरीवर घेतली. बाबा पाठ करून खाटेवर बसले.

"हाई ते पत्रानं डबडं शे."

खर्ज वाढवला, खरखर कमी केली, परत गेलो. असे सहा पॅच त्यांनी नापास केले. सातवा मात्र त्यांनी बराच वेळ ऐकला. मी मनातल्या मनात हार घालून घेत होतो.

"हाऊ ढोल थकतच नहीं," ते म्हणाले.

घाट उतरताना मला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहून वाजवलं होतं. गारव्यात कातडं सैल पडतं, आवाज बसतो, मग ढोलकरी जाळाजवळ ढोल शेकून आणतात. आणि मी अक्कलवंताने जन्मभर शेकलेला ढोल बनवला होता! घरी येऊन सूर हळूहळू खाली सरकवणारा चौकोन जोडला, आणि सूर परत वर चढवणारं एक बटण.

आठव्या खेपेला पाव तास झाला. बाबा डोळे मिटून होते. एकदम सुनेकडे वळून त्यांनी हाताने चुलीची खूण केली आणि मला म्हणाले, "ढोल उतरी गया. शेकी ल्या."

सून लॅपटॉपकडे बघतच राहिली. मी बटण दाबलं, सूर चढला, आणि मी त्या ओसरीत अक्षरशः उडी मारली. लग्नात हा ढोल वाजवायला बाबांनी हो म्हटलं.

लग्नाच्या सकाळी धुकं होतं. स्पीकरमधून ढोल सुटला आणि बायकांची रांग हातात हात गुंफून हलली. बाबा माझ्या शेजारी खुर्चीवर बसले होते. कातडं उतरलं की माझ्या गुडघ्याला बोटाने टोचायचे, मी बटण दाबायचो. वराकडचा एक जण ढोल शोधत आमच्यापर्यंत आला.

"ढोल कोन वाजाडी ऱ्हायना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा ताठ बसून म्हणाले, "मी वाजाडी ऱ्हायनू."