ताईंनी दिलेलं समुद्राचं पुस्तक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी सोलापूरच्या वाचनालयातल्या ताईंचं नाव घेतो. आईवडिलांनी वाढवलं, मामानं घरात ठेवून घेतलं, शिक्षकांनी शिकवलं. पण आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो ताईंमुळे. त्या वाचनालयाचा कुमार विभाग सांभाळत. विभाग म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली, तीन कपाटं आणि जमिनीवर एक सतरंजी. लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांचं पूर्ण नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी वडिलांनी मला आमच्या गावाहून, मैंदर्गीहून, सोलापूरला मामाकडे आणून सोडलं. मी नववीत होतो. मामा मिलमध्ये होता. आमच्या घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी चाले, त्यामुळे शहरातल्या वर्गात मी तोंड उघडलं की मुलं हसत. मी बोलणं बंद केलं. शाळा सुटली की मामाच्या एका खोलीत मामी आणि तिची चार मुलं, म्हणून मी रस्त्यानं फिरत राही. असाच एकदा उन्हाचा वाचनालयाच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा ताईंनी आत बोलावलं.

पुस्तक पाहिजे का, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "झोपायच्या आधी तुझ्या डोक्यात काय येतं रे?"

मी म्हटलं, "म्हैस."

सतरंजीवरची सगळी पोरं हसत सुटली. ताई हसल्या नाहीत. "कुणाची म्हैस?"

"आमची. चारा न्हाय म्हणून इकली."

त्यांनी मला त्या दिवशी कादंबरी दिली नाही, चित्रकथा दिली. एक मुलगा आणि त्याचा हरवलेला घोडा, एवढीच गोष्ट होती. ओळी थोड्या, चित्रं मोठी. मी ती तिथंच बसून दोनदा वाचली. पुस्तकातल्या मराठीला हसणारं कुणी नव्हतं, हे मला फार बरं वाटलं.

चित्रकथा वाचनालयाच्या यादीत बसत नव्हत्या. ताई त्या रद्दीच्या दुकानातून वेचून आणत, चादरींच्या खोक्यांचा पुठ्ठा लावत आणि मागावरच्या जाड सुतानं चार-चार एकत्र शिवत. कार्यकारी मंडळातले एक वयस्कर गृहस्थ एकदा ते गठ्ठे बघून म्हणाले, "बाई, हे वाचनालय आहे. इथं पोरं चित्रं बघायला बसली तर वाचणार कधी?"

ताई म्हणाल्या, "आधी बसू तर द्या."

त्यांची एक पद्धत होती, ती मी नंतर कुठल्याच वाचनालयात पाहिली नाही. परत आणलेलं पुस्तक कपाटात ठेवायचं नाही. शनिवारी दुपारी सगळ्यांनी जमायचं, आपलं पुस्तक कोणाला आवडेल तो मुलगा किंवा मुलगी शोधायची, ते का वाचावं हे पटवायचं आणि पुस्तक हातात द्यायचं. ताई फक्त नोंद करत. सगळे बारा ते सोळा वर्षांचे. विणकरांची तेलुगू बोलणारी मुलं, बेगम पेठेतली उर्दू बोलणारी मुलं, माझ्यासारखी तालुक्यातून आलेली. खोलीत मंगळवारच्या बाजारासारखा कालवा चाले. मात्र नव्या मुलाचं पहिलं पुस्तक ताई स्वतः निवडत, आणि कोणाचं कशातच मन लागेनासं झालं की तेव्हाही.

माझा पहिला मित्र मला तिथंच मिळाला. पूर्व भागातल्या एका विणकराचा मुलगा. घरात दोन माग होते. तो शाळेतून आला की कांड्या भरायला बसे, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायला, त्यामुळे त्याच्या केसांत कायम कापसाचे तंतू असत. वर्षभर तो मला नावानं हाक मारायला तयार नव्हता.

"काय बे म्हैस, आज काय आणलंस?"

"भुताचं हाय."

"शेवटी भूत दिसतंय का?"

"ते सांगितलं तर तू वाचणार न्हाईस की."

"म्हणजे दिसत नाही. लई फसवतो बे तू. आण इकडं."

पुस्तक तो माझ्या दुप्पट वेगानं संपवी. कांड्या भरता भरता धाकट्या बहिणीला वाचून दाखवतो म्हणे. तीन कपाटांतलं त्याला हवं ते सगळं संपल्यावर त्यानं ताईंकडे तक्रार केली. "ताई, सगळ्या गोष्टी किल्ल्यात नाहीतर जंगलात. दुसरं जगात काही नाही का?"

ताईंनी आपल्या पिशवीतून एक पुस्तक काढलं. जाडजूड, पिवळं पडलेलं. वाचनालयाचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं, लहानपणी मिळालेलं. घरातून निघून जहाजावर काम धरणाऱ्या एका मुलाची ती कादंबरी होती. त्याची तक्रार ऐकून दुसऱ्या दिवशी मुद्दाम घरून आणली, असंही नाही. ती त्यांच्या पिशवीत होतीच. मला वाटतं, कुणाला द्यावी हे त्या बरेच दिवस शोधत असाव्यात.

ती परत करायचं तो नावच घेईना. इतर पुस्तकं दोन दिवसांत परत करणारा हा, विचारलं तर म्हणे, "चालू हाय बे." आम्ही कंबर तलावाच्या काठावर बसायचो. तो विचारी, "समुद्र ह्याच्या किती पट असंल?" मी म्हणे, "मला काय माहीत? मी तर तलावबी हितंच पाह्यला." येत्या दिवाळीपासून त्याला पूर्ण वेळ मागावर बसवायचं घरात ठरलं होतं. शाळा बंद. हे त्यानं मला सांगितलं, पण रडून नाही, विनोद करून सांगितलं. "आता मी मालक होणार बे. तू चादर घ्यायला ये, तुला म्हशीचं चित्र काढून देतो चादरीवर."

दिवाळीच्या आधीच तो घरातून गेला. सकाळी माग सुरू करायच्या वेळी त्याची जागा रिकामी होती. कुणीतरी सांगितलं, मुंबईच्या वाटेवरच्या कुर्डुवाडीच्या फलाटावर असा एक मुलगा पिशवी घेऊन बसलेला पाहिला. वडील आणि काका मुंबईला गेले. गोदीच्या दारांशी आठवडाभर उभे राहिले. हात हलवत परत आले.

मग एका दुपारी वडील वाचनालयात आले. बरोबर मुलाची आई आणि ती धाकटी बहीण. वडिलांच्या हातात ते पिवळं पुस्तक, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. ताई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. त्या रागाची वाट पाहत होत्या हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आम्ही चारपाच मुलं सतरंजीवर होतो. 

वडील म्हणाले, "बाई, माझा पोरगा तुमच्याकडं येत होता की. ही धाकटी म्हणते, ह्या पुस्तकातला पोरगा जसा गेला तसाच हा गेला. मला वाचता येत नाही. पोलिसाला दाखवलं, तो हसला. तुम्ही वाचा. कुठं गेला ते ह्यात असेल."

ताईंनी समजावून पाहिलं. ही कोणीतरी रचलेली गोष्ट आहे, असा मुलगा कुठं नव्हता. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फडकं सोडून पुस्तक टेबलावर ठेवलं. "वाचा बाई."

ताईंनी वाचलं. त्या दुपारी, आणि पुढच्या कितीतरी दुपारी. दिवसाचं विणकाम बुडवून तो माणूस यायचा आणि सतरंजीवर मांडी घालून बसायचा. बहीण आईला तेलुगूत सांगे. तिला ती गोष्ट भावाच्या तोंडून पाठ झाली होती, त्यामुळे ताईंचं वाक्य पुरं व्हायच्या आतच ती पुढचं सांगून टाकी, आणि मग ताई थांबत. कोणत्या बंदराचं नाव आलं की वडील विचारत, "हे मुंबईच्या कोणत्या बाजूला?" आई काही बोलत नसे. एकदाच तिनं मुलीला काहीतरी विचारलं आणि मुलीनं ताईंना सांगितलं, "आई विचारते, त्या पोराला जहाजावर जेवायला कोण वाढत होतं?"

ताईंनी पानं मागं चाळली. "एक म्हातारा स्वयंपाकी होता. तो वाढायचा."

आईनं मान हलवली.

शेवटी कादंबरीतला मुलगा मोठा होऊन घरी परत येतो. तो भाग आला तेव्हा ताईंनी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. मी पुढं होऊन वाचू का विचारलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. वाचून संपवलं. वडील उठले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालेलं दिसलं.

"म्हणजे येतो," ते म्हणाले.

"अहो, मी सांगितलं ना, हे रचलेलं आहे."

"रचणाऱ्याला पोरगा जातो ते कळलं ना बाई? मग येतो ते पण कळलं असेल की."

  मग वडिलांनी पुस्तक घरी ठेवून घेऊ का विचारलं, मुलगा आला की वाचेल म्हणून. ताईंनी दिलं.

तो आला नाही. मी मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो, तोपर्यंत तरी नाही. वडील व्यापाऱ्याकडे चादरी पोचवून परत जाताना वाचनालयाच्या दाराशी थांबत. आत येत नसत. "आला होता ना बाई, तो पुस्तकातला?" ताई म्हणत, "आला होता." मग ते जात. त्यांनी ताईंना एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं पुष्कळदा वाटलं.

मंडळानं शनिवारचा कार्यक्रम बंद केला. चित्रकथांचे गठ्ठे माळ्यावर गेले. ताईंना कुणी काढलं नाही. पण त्यानंतर त्यांनी कोणत्याही मुलाला पुस्तक सुचवलं नाही. मुलं येत, म्हणत, "ताई, कोणतं घेऊ?" त्या मान वर न करता सांगत, "कपाट उघडं आहे. तुझं तू बघ." मीसुद्धा विचारलं, तरी तेच. मुलं कमी होत गेली.

माझ्यासाठी मात्र त्यांनी एक गोष्ट केली. मॅट्रिकनंतर मामा मला मिलमध्ये बदली कामगार म्हणून लावणार होता. त्याचंही चूक नव्हतं, सहा माणसांच्या घरात मी सातवा होतो. ताई एका रविवारी आमच्या खोलीवर आल्या. मामीनं चहा केला. ताई मामाला एवढंच म्हणाल्या, "ह्याला अजून थोडं वाचू द्या." हा मुलगा हुशार आहे, नाव काढील, असलं काही त्या बोलल्या नाहीत. मामा त्यांच्याकडे बघत राहिला. गल्लीत सगळ्यांना ती हकीकत माहीत होती, त्यालाही होती. तो म्हणाला, "शिकंल तेवढं शिकू दे मग."

माझ्या मित्राला पुस्तकानं नेलं की तो जाणारच होता आणि पुस्तकानं फक्त वाट दाखवली, हे मला आजही सांगता येत नाही. तो कुठं असेल, असेल की नाही, हेही नाही.

बी.ए., बी.एड. होऊन मी दुधनीला शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा पहिल्या काही महिन्यांतच मी ताईंना पत्र लिहिलं. तोवर त्या वाचनालय सोडून भावाकडे गेल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. वाचनालयाच्या शिपायानं पत्र पुढं पाठवलं म्हणे. उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. पत्र आधी कच्चं लिहून मग उतरवायचं ही सवय त्यांचीच, म्हणून कच्चा कागद माझ्याकडे राहिला. तो इथं देतो.

दुधनी

तीर्थस्वरूप ताईंस, शिरसाष्टांग नमस्कार.

जूनपासून मी इथल्या हायस्कुलात आहे. मराठी आणि इतिहास शिकवतो. जागा बरी आहे. पहिल्या पगारातून वडिलांना घोंगडं घेतलं.

शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली आहे. पुस्तकं फार नाहीत, पण आहेत. नववीत एक मुलगी आहे. घरी कानडी बोलतात, वडील अडतीत हमाली करतात. ती वर्गात बोलत नाही. परवा सगळे गेल्यावर थांबली आणि म्हणाली, सर, मला एक पुस्तक द्या, पण तुम्ही निवडून द्या. मी कपाट उघडलं, एक पुस्तक काढलं, परत ठेवलं. दुसरं काढलं, तेही ठेवलं. प्रत्येक पुस्तक वाचून ही मुलगी काय करील असं मनात येऊ लागलं. शेवटी तिला सोमवारी ये म्हणालो. तुम्ही इतकी वर्षं काय सोसलं असेल ते मला त्या कपाटापुढे थोडंसं कळलं.

ताई, तुमचं चुकलं का, हे मला सांगता येत नाही. मी त्याचा मित्र होतो, तरी येत नाही. पण मी शहरात आलो तेव्हा माझं बोलणं बंद झालं होतं, आणि ते तुम्ही दिलेल्या पुस्तकांनी सुरू झालं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, कारण सांगायचं ते मीच, आणि मला तेव्हा सुचलं नाही. त्याला तुमच्या खोलीत जेवढं हसताना मी पाहिलं तेवढं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही, हेही खरं आहे.

या मुलीचं थोडं लिहितो. वय चौदा. अक्षर चांगलं. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत येते. डबा एकटी खाते. हसली की हात तोंडावर धरते. तिला कोणतं पुस्तक द्यावं ते कळवावं. नुसतं नाव लिहिलंत तरी पुरे. इथं नसलं तर मी सोलापुरात येऊन शोधीन. चित्रकथा असली तरी चालेल, मुख्याध्यापकांशी मी बोलेन.

मी तिला सांगणार आहे की पुस्तक माझ्या ताई निवडून देणार आहेत, म्हणून जरा दम धर. तब्येतीस जपावे.

आपला विद्यार्थी