जावई बाकावर

नव्वदच्या दशकात कुवेतमध्ये आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा फुटबॉल संघ होता. शुक्रवारी सकाळी खैतानजवळच्या वाळूच्या मैदानावर आम्ही सतरंज्या आणि पोह्यांचे डबे घेऊन हजर. आमच्यातल्या निम्म्यांनी कॉलेजात चेंडूला पायही लावला नव्हता, पण संघ हरला की घरी चोरी झाल्यासारखे चेहरे करून परतायचो.

बूट, जर्सी, मैदानाचं भाडं, सामन्यानंतरची बिर्याणी, सगळं आमच्या सर्वांत ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याकडून. अर्दियात त्यांची एसी बसवणारी कंपनी होती. असा सढळ हात मी पुन्हा पाहिला नाही. ते गाडीत बसूनच सामना पाहत आणि हॉर्नने हुकूम सोडत. छोटा हॉर्न म्हणजे पुढे पळा, लांबलचक म्हणजे गाढवांनो.

अंतिम सामन्याला ते चक्क गाडीतून उतरले. सोबत नवे जावई, आमच्याच कॉलेजचे, कोऱ्या बुटांत. आज हे पुढे खेळतील, असं त्यांनी जाहीर केलं.

कर्णधार त्यांच्याच कंपनीत इंजिनीअर. त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच नोकरीवर. नाही म्हणायचं तर बायकोमुलासकट विमानात बसायची तयारी हवी. पोह्यांचे चमचे हवेतच थांबले.

त्याने बुटाची नाडी आधी नीट बांधली. मग म्हणाला, "सर, जावई तुमचे. हे अकरा माझे. वर्षभर वाळू खाल्लीय त्यांनी."

जावई बाकावर बसले, सासरे गाडीत. हॉर्न एकदाही वाजला नाही. आम्ही एका गोलने हरलो.

मग काय, जावयाला घ्यायला हवं होतं हे सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. कर्णधाराच्या बायकोला तर एकीने सामान बांधायचे खोके कुठे स्वस्त मिळतात तेही सांगून टाकलं.

शनिवारी सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलेलं. 

"मला नाही म्हणणारा माणूस इतक्या वर्षांनी सापडला," सर म्हणाले, "तोही सामना हरून. जावयाला तयार करायला किती वेळ लागेल?"

"एक हिवाळा, सर. रोज आले तर."

"दोन लाव. घाई नको."

पुढच्या शुक्रवारी जावई धापा टाकत मैदानाला फेऱ्या मारत होते आणि सासरे नव्या चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून वाळूतून चालत येत होते. सतरंजीवर आमचं लगेच एकमत झालं, पोरात दम आहे.